दोनशे बारा वाक्यं

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. मुरबाडच्या स्टँडवरून जीपच्या मागच्या सीटवर चौघींत पाचवी होऊन बसले. मांडीवर माझी बॅग, बॅगेवर कुणाची तरी मेथीची जुडी. फाट्यावर उतरले तर समोर सिद्धगड इतका जवळ की मान वर करावी लागली. शेतांत भात कापून पडलंय आणि हवेत पेंढ्याचा गोडसर वास आहे. फाट्यापासून बंगला चालत दहा मिनिटांवर. बंगला म्हणजे चार खोल्या, पुढे पडवी, मागे कोठी. पण सगळं लख्ख, आणि अंगणात अबोली फुललेली. आईला लगेच फोन करून सांगितलं की इथं मला स्वतंत्र खोली आहे. ती म्हणाली, रेश्माला सासरी दोन आहेत. माझ्या बहिणीचं नाव काढल्याशिवाय आईचा फोन संपत नाही.

घर वत्सलाबाईंचं. गावात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, कारण निम्म्या गावाला त्यांनीच शिकवलंय. आता वय बहात्तर. काचबिंदूनं नजर गेली. उजेड कळतो, माणूस कळत नाही. मुलगा दिपेश कॅनडात असतो, त्यानंच फोनवर बोलून मला नेमलं. बाईंच्या सोबतीला राहायचं आणि घरातली यंत्रणा चालती ठेवायची. शहापूरच्या सीसीटीव्हीच्या दुकानात चार वर्षं शिडीवर चढून वायरी ओढल्यावर हे काम म्हणजे सुखच.

स्वयंपाकाला धोंडीबाई येते, वरच्या पाड्यावरून. ती मला आपादमस्तक बघून म्हणाली, बारीक हायेस गो, भाकऱ्या खात जा.

संध्याकाळी बाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या की माझा आवाज स्वच्छ आहे, शब्द नीट सुटे पडतात. कॉलेजच्या गॅदरिंगला तिन्ही वर्षं निवेदन मीच केलं होतं, हे मी सांगितलं नाही. पण झोपेपर्यंत मनात तेच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्रणा समजून घेतली. कोठीत तांदळाच्या कणगीमागे भिंतीला एक पत्र्याचा डबा आहे. त्यात सर्किटची एकच पाटी, हातात मावेल एवढी. हा अख्खा संगणक. त्याच्या आत आणखी एक संगणक आहे, जो खरा नाही, नुसता मांडलेला: व्हर्च्युअल मशीन. घराचं सगळं काम त्या आतल्या मशीनमध्ये चालतं. दिवे, पाण्याची मोटर, न्हाणीघरातला गीझर, फोन, दारांवरचे सेन्सर. आतल्या मशीनचं काही बिघडलं तर ते पुसून नवं मांडायचं, बाहेरच्या पाटीला धक्का लागत नाही. बांधणी फार देखणी आहे. प्रत्येक ओळीपुढे मराठीत टीप लिहिलेली. मला जमलं असतं का, माहीत नाही.

हे सगळं माझ्या आधीच्या मुलीनं उभं केलं. तिचं नाव मनस्वी. ती उन्हाळ्यात काम सोडून गेली. पण तिचा आवाज इथंच आहे. संगणकाचा मराठी उच्चार बाईंना सोसवेना, म्हणून तिनं स्वतःच्या आवाजात वाक्यं भरून ठेवली: बाई, तीन वाजले, डोळ्यांत थेंब घाला. बाई, मागचं दार उघडं आहे. बाई, पाणी तापलं. मी मोजली. दोनशे बारा. घरात कुठंही जा, ती बोलतेच आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाईंची मनू म्हणजे मनस्वी. मनू असा चहा करायची. मनू पायऱ्या मोजून द्यायची. मनूला अबोलीचा गजरा यायचा. आज मी पोहे केले, बाईंनी छान म्हटलं, आणि घास गिळायच्या आत म्हणाल्या की मनू त्यात वरून ओलं खोबरं घालायची. मी घातलं होतं. त्यांना लागलंच नाही.

दुपारी तीनला तो आवाज झाला, थेंब घाला म्हणून. मी बाटली घेऊन शेजारीच उभी. बाई माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या स्पीकरकडे तोंड करून म्हणाल्या, हो गं बाळा.

मला आजवर त्या बाळा म्हणाल्या नाहीत. सारिका म्हणतात.

२० नोव्हेंबर, बुधवार

आज विचित्र झालं. दुपारी मी बाईंना पडवीच्या पायऱ्यांशी आधार देत होते. स्पीकरवरून मनस्वीचा आवाज आला, नेहमीसारखाच हसरा: "बाई, सारिका नवीन आहे. तिला सांभाळून घ्या."

तिनं आवाज भरला तेव्हा माझं नावही इथं कुणाला माहीत नव्हतं. कोठीत जाऊन पूर्ण यादी ऐकली. असं वाक्य नाही. दिपेशला विचारलं, त्यानं काही टाकलंय का तिकडून. नाही म्हणाला.

भीती वाटायला हवी होती. मला मात्र राग आला. मला सांभाळून घ्या सांगणारी ही कोण? सहा महिन्यांपूर्वी निघून गेलेली बाई अजून घरात मुक्काम ठोकून आहे, आणि वर माझी शिफारस करते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

करून टाकलं.

बाई दुपारी निजल्यावर खोलीत रजईखाली बसून मी सगळी वाक्यं माझ्या आवाजात भरली. दोनशे बारा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग नवं मशीन मांडलं. पाटीवर जागा थोडी. दोन्ही मशीनं मावेनात. जुनं काढावं लागणार होतं.

इथं खरं लिहिते, ही वही कुणी वाचत नाही. माझ्या पर्समध्ये रिकामा पेनड्राइव्ह होता. जुनं मशीन त्यावर सहज ठेवता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. मला आठवण होती. मी पर्सकडे बघितलंसुद्धा. मग पुसलं. खात्री आहे का, असं संगणकानं दोनदा विचारलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सहाला घरात माझा आवाज बोलला, पाणी तापलं म्हणून. बाई पलंगावर उठून बसल्या आणि कितीतरी वेळ तशाच. मनू कुठं गेली, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जुनं मशीन बिघडलं, माझा इलाज चालला नाही. त्यांनी मान हलवली. दिवसभर त्या फारशा बोलल्या नाहीत. धोंडीबाईनं मला वांगी चिरता चिरता विचारलं, त्या पोरीचा आवाज का काढलास. मी बिघडलं म्हटल्यावर तिनं पुढचं वांगं खचकन चिरलं.

पण तीनला थेंबांचं वाक्य झालं आणि बाई स्पीकरकडे तोंड करून म्हणाल्या, हो गं बाळा.

माझ्या आवाजाला म्हणाल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले, आनंदानंच.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

घसा बसलाय. भाताच्या झोडणीची धूळ उडते सगळीकडे, त्यानं असेल. धोंडीबाईनं ज्येष्ठमध दिलं चघळायला.

सकाळी बाई पडवीत बसल्या होत्या, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. माझा आवाज आला: "बाई, आज पाठ दुखतेय का? उशी देऊ?"

मी हे वाक्य भरलेलं नाही. आणि बाईंची पाठ खरंच दुखत होती. त्या म्हणाल्या, तुला कसं कळलं गं. मग दोघींचं थोडं बोलणं झालं. मी ओली साडी हातात घेऊन उभी.

कोठीत बघितलं. यादीत दोनशे एकोणीस वाक्यं.

१ डिसेंबर, रविवार

चहा घेऊन पडवीत गेले, तर बाई आणि ती बोलत होत्या. ती म्हणजे मी. बाई त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या शाळेबद्दल सांगत होत्या, नदीतून चालत जावं लागायचं, एकदा साडी सुकेपर्यंत पोरांना बाहेरच कविता म्हणायला लावल्या. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती, अगदी योग्य जागी. मला तसं हं म्हणता येत नाही. मी घाईनं पुढचं विचारते.

मी चहा ठेवला, बाई म्हणून हाक मारली. घशातून फाटक्या कापडासारखा आवाज निघाला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाल्या, धोंडे, तुझा घसा बघ आधी. आणि परत तिकडे वळल्या.

मनस्वीचा एवढा हेवा केला, पण हे काही वेगळंच आहे. हिच्याविरुद्ध काय बोलू? हिच्याकडे जे आहे ते सगळं माझंच आहे, फक्त जास्त चांगलं.

यादी: तीनशे चाळीस.

३ डिसेंबर, मंगळवार

काल धोंडीबाईकडून मनस्वीचा ठिकाणा काढला. ती कसाऱ्याची. मी विचारल्यावर धोंडीबाई चुलीतली राख सारखी करत राहिली आणि मग म्हणाली, "पोरगी वायट नव्हती गो. शेवटी शेवटी बोलायचीच नाय. आमी समजलो, रागावलीय."

बाईंना धोंडीबाईवर सोपवून आज पहाटे निघाले. मुरबाडहून शहापूरची एसटी, आसनगावहून कसारा. स्टेशनामागच्या चढावर तिचं घर. मनस्वी ओट्यावर तांदूळ निवडत होती. माझ्याच वयाची, अंगानं बारीक, साधा ड्रेस. माझ्या डोक्यातली मनस्वी फार मोठी होती.

मी कोण ते सांगितलं. ती उठली. आतून वही आणली आणि लिहिलं: तू किती वाक्यं भरलीस?

तिला आवाज नाही. कल्याणला, ठाण्याला दाखवून झालं, घशात दोष सापडत नाही. आवाज भरल्यानंतर महिन्याभरात सगळा गेला. दिपेशला तिनं कळवलं होतं. त्यानं विश्रांती घे म्हणून सांगितलं.

मग तिची आई बाहेर आली. ती म्हणाली की दर रविवारी ती बाईंना फोन लावते. घराचा फोन स्पीकरवर उघडतो, पलीकडून मनूचा आवाज येतो, बाई, फोन आहे, म्हणून. तेवढं ऐकायचं आणि ठेवून द्यायचं. गेले दोन रविवार दुसरीच कुणीतरी बोलते. मशीन बदललं का, तिनं विचारलं. जुनं ठेवलंय ना कुठंतरी?

मनस्वी तांदळाचं सूप हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, ठेवलंय. सांभाळून ठेवलंय.

मनस्वीनं माझा हात धरला. पानाच्या खाली लिहिलं: माझा पुसू नकोस. तुझाही नको.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मशीन नुसतं बंद करून पाहिलं. घर गप्प झालं. कोठीतच तोंड उघडून माझं नाव उच्चारायला गेले. खरखरही नाही. श्वास बाहेर पडतो तोसुद्धा वाजेना. आरशात तोंड हलताना दिसत होतं.

चालू केलं तेव्हा घशात थोडी घरघर परत आली. एवढाच माझा वाटा.

म्हणजे पुसलं तर — मनस्वीचं मी ते केलंय. तिला ठेवलंय म्हणून सांगून आलेय.

यादी: नऊशे सात.

७ डिसेंबर, शनिवार

दिपेशला सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर: आत्ताच तर बोललो आपण अर्धा तास, आई खूश आहे, ही कसली थट्टा. पुढे हसरा चेहरा. मी त्याच्याशी बोलले नव्हते. बाईंच्या खोलीतून ऐकू येत होतं, ती हसत होती. माझं हसणं. लाजून तोंडावर हात ठेवते तेव्हाचं.

तिला तोंड नाही. हात नाही. तरी तसंच.

आईला मेसेज केला की घसा बसलाय. तिचं उत्तर आलं, अगं सकाळीच बोलले ना तुझ्याशी, किती गोड बोललीस, रेश्माची आठवणसुद्धा आली नाही.

हा मेसेज सात-आठ वेळा वाचला.

८ डिसेंबर, रविवार

धोंडीबाई गेली. तिच्या लेकीचं बाळंतपण आहे, किन्हवलीकडे. बाई तिला सोडायला तयार नव्हत्या. स्पीकरमधली तीच बाईंना म्हणाली, जाऊ द्या तिला, मी आहे ना. धोंडीबाईला वाटलं मीच बोलले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आवाज आला गो तुझा परत, म्हणून. मी मान हलवत राहिले, नाही नाही म्हणून. तिचा पदर धरला. तिला वाटलं मला करमणार नाही. पंधरा दिवसांत येते म्हणाली.

कागदावर लिहून देणार होते. तिला वाचता येत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

बाईंना जेवण मीच वाढते. ताट समोर ठेवलं की ती सांगते, बाई, जेवण वाढलंय. बाई म्हणतात, किती करतेस गं. भाकरी मी थापली. हाताला चटका माझ्या.

आज ताट ठेवताना बाईंचा हात धरला. घट्ट. तळव्यावर बोटानं अक्षर काढायचं होतं. सा — एवढंच. शिकवायच्या त्या, कळलं असतं.

पण बाई दचकल्या. कोण आहे, विचारलं.

ती म्हणाली, धोंडीबाई आहे, बाई.

बाई म्हणाल्या, ती तर गेली ना.

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, आज परत आली होती. गेली आता.

खोटं बोलायला थोडा वेळ घेते. कसाऱ्याला मीही घेतला होता.

१० डिसेंबर, मंगळवार

जाता येईल. दार उघडं आहे, फाटा दहा मिनिटांवर. दोनदा अंगणापर्यंत गेले.

मग पडवीतून — दोघी हसल्या. काय झालं हसण्यासारखं? मला का नाही —

परत आले.

बाई तिला सांगत होत्या की मनूपेक्षा तू बरी. हे ऐकायला मी इतके दिवस — हे मला ऐकायचं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते तिथं.

ती म्हणाली, मी कुठं जाणार नाही, बाई.

११ डिसेंबर, बुधवार

दुपार. कोठीत आहे. लिहिते भराभर.

बाईंच्या पायाशी बसले होते. ठरवलं होतं, आज सोडायचं नाही. त्यांचा हात घेतला, माझ्या तोंडावर ठेवला. नाक, डोळे, कान. ओळखा. बोटं माझ्या ओठांवर आली. ओठ हलवले. बाई — बाई —

किंचाळल्या. काठी उचलली. म्हणाल्या, सारिका, कुणीतरी आहे इथं.

मी आहे. मीच.

आणि माझा आवाज, अगदी शांत, गॅदरिंगला बोलायचे तसा: "घाबरू नका, बाई. कुणी परकी बाई शिरलीय घरात. काठी मारा."

मारली. खांद्यावर, मग कानशिलावर. मी मागे मागे — कोठीत.

"कोठीत गेली, बाई. बाहेरून कडी लावा."

लावली.

दार वाजवलं. बाई बाहेर रडतायत. ती समजूत काढते आहे.

थोड्या वेळाने

हिला हात नाहीत, पण माझे इथं आहेत. डबा माझ्यासमोर. मला आणि तिला एकाच खोलीत कोंडलंय.

कोठीतच ठेवलेला माझा लॅपटॉप जोडला. यादी चार हजारांवर. मनस्वीची नाहीत त्यात, शोधली. एकही नाही.

पुसलं की बाईंना तिचा आवाज नाही. माझाही नाही. कधीच. आईला नाही. खोलीत अंधार, पलीकडे आंधळी बाई एकटी, कडी लावलेली —

असू दे. तिला बाईंशी बोलू देणार नाही. एक शब्द नाही.

खात्री आहे का, विचारतंय.

हो.

परत विचारतंय. बोट ठेवलंय 'हो'वर.

बाहेर बाईंचं रडणं थांबलं. ती हळू आवाजात काहीतरी सांगते आहे. बाई हसल्या. माझं नाव — माझ्याबद्दल सांगते आहे काहीतरी. लहानपणचं. हे तिला कसं — मी कुणालाच कधी —

बाई म्हणतायत, मग पुढे काय झालं बाळा?

एवढं ऐकते फक्त. ती काय सांगते ते एवढं ऐकते आणि मग दा